विश्लेषण : राउटर चालू, पण डिस्क गच्च! क्लाउडमधल्या या साध्या बिघाडाकडे दुर्लक्ष का होते?

जपानमधील टोयोटाचे सर्व 14 कारखाने 29 ऑगस्ट 2023 रोजी ठप्प झाले. एकूण 28 उत्पादन लाइन थांबल्या. सायबर हल्ला झाला असावा, अशी शंका लगेच व्यक्त होऊ लागली. प्रत्यक्षात कारण फारच साधे निघाले. सुट्या भागांच्या ऑर्डर हाताळणाऱ्या सर्व्हरच्या डिस्कवर जागाच उरली नव्हती. जगातील सर्वांत मोठ्या वाहन कंपन्यांपैकी एक असलेली ही कंपनी डिस्क भरल्यामुळे थांबू शकते, तर क्लाउडच्या पोटात चालणाऱ्या आणि कुणाच्या नजरेस न पडणाऱ्या छोट्या व्हर्च्युअल राउटरचे काय? त्यांच्या डिस्कवर लक्ष कोण ठेवते आणि ते पुरेसे आहे का?

व्हर्च्युअल राउटर म्हणजे काय?

घरातला वाय-फायचा डबा हा राउटर असतो, हे सगळ्यांना माहीत आहे. क्लाउडमध्ये असा डबा नसतो. तिथे एखाद्या कंपनीने स्वतःसाठी दहा-वीस मशिन भाड्याने घेतली, की त्यांच्यासाठी एक वेगळे खासगी नेटवर्क तयार केले जाते आणि त्याच्या दारात एक छोटे व्हर्च्युअल मशिन उभे केले जाते. तोच व्हर्च्युअल राउटर. आतल्या मशिनना आयपी पत्ते देणे, नावावरून पत्ता शोधून देणे, फायरवॉल सांभाळणे, येणारा भार अनेक मशिनमध्ये वाटणे, व्हीपीएन चालवणे ही सगळी कामे तो एकटा करतो.

‘अपाचे क्लाउडस्टॅक’ या मुक्त स्रोत क्लाउड प्रणालीत ही रचना ठळकपणे दिसते. तिथला व्हर्च्युअल राउटर म्हणजे डेबियन लिनक्सवर चालणारे एक लहान मशिन. ग्राहकाने नवे नेटवर्क उघडले, की प्रणाली तयार साच्यातून असे मशिन आपोआप काढते. त्यामुळे एका क्लाउडमध्ये शेकडो राउटर सहज होतात. सगळे एकाच साच्यातले आणि सगळ्यांची डिस्क तेवढीच लहान.

राउटरला डिस्क लागतेच कशाला?

डेटाची पाकिटे एका बाजूने घेऊन दुसऱ्या बाजूला पाठवणे हे राउटरचे मूळ काम. ते लिनक्सच्या गाभ्यात, म्हणजे कर्नलमध्ये, मेमरीतच उरकते. त्यासाठी डिस्कला हात लावावा लागत नाही. डिस्क लागते ती आजूबाजूच्या कामांसाठी. कोणत्या मशिनला कोणता पत्ता दिला याची नोंद, फायरवॉलचे नियम, भार वाटपाची कॉन्फिगरेशन फाइल, व्हीपीएनच्या किल्ल्या आणि या सगळ्यांचा रोजनामा, म्हणजे लॉग, डिस्कवर लिहिले जातात.

बिघाड लपून राहतो तो याच विभागणीमुळे. डिस्क पूर्ण भरली तरी पाकिटांची ये-जा सुरूच राहते. चालू संकेतस्थळे उघडतात. बाहेरून पिंग केले की उत्तर येते. नियंत्रण कक्षातल्या पडद्यावर हिरवा दिवा कायम असतो. म्हणजे राउटर जिवंत असतो, पण त्याचा लिहिता हात गेलेला असतो.

मग बिघाड कधी कळतो?

काहीतरी बदलायची वेळ आली की. ग्राहक नवे मशिन सुरू करतो. त्याची नोंद राउटरच्या फाइलमध्ये व्हायला हवी, ती होत नाही आणि मशिनला पत्ता मिळत नाही. ग्राहक फायरवॉलमध्ये नवा नियम टाकतो, पण तो राउटरपर्यंत पोहोचूनही टिकत नाही. कधी याहून वाईट घडते. एखादी फाइल आधी रिकामी करून मग नव्याने लिहिण्याची पद्धत काही प्रोग्रॅम वापरतात. रिकामी करणे जमते, लिहायला मात्र जागा नसते. मागे उरते शून्य बाइटची कॉन्फिगरेशन फाइल.

अशा वेळी तांत्रिक कर्मचाऱ्याचा पहिला उपाय ठरलेला असतो : बंद करून पुन्हा चालू करा. इथे तोच उपाय अंगाशी येतो. मेमरीत जे नीट चालले होते ते रीस्टार्टबरोबर पुसले जाते आणि सुरू होताना राउटर त्या अर्धवट किंवा रिकाम्या फाइल वाचतो. आतापर्यंत नव्या कामांपुरता असलेला बिघाड मग संपूर्ण नेटवर्कवर पसरतो. ग्राहकाच्या दृष्टीने दुकान तेव्हा बंद पडते. बिघाड मात्र काही दिवस आधीच झालेला असतो.

डिस्क भरते कशाने?

बहुतेक वेळा लॉगने. फायरवॉल प्रत्येक अडवलेल्या पाकिटाची नोंद करत असेल आणि कुणी बाहेरून सतत दारे ठोठावत असेल, तर नोंदींचा ढीग वेगाने वाढतो. भार वाटणारा प्रोग्रॅम प्रत्येक विनंतीची ओळ लिहितो. ऐन सवलतीच्या सेलमध्ये किंवा निकालाच्या दिवशी या ओळी कित्येक पटींनी वाढतात. म्हणजे राउटरची सर्वाधिक गरज ज्या दिवशी असते, नेमका त्याच दिवशी तो भरण्याचा धोकाही सर्वाधिक असतो.

जुने लॉग गुंडाळून ठेवण्यासाठी लिनक्समध्ये ‘लॉगरोटेट’ नावाची सोय असते. तिच्यावर अनेकांचा आंधळा भरवसा असतो. पण ती साधारणपणे दिवसातून एकदाच चालते. सकाळी दहाला सुरू झालेला लॉगचा पूर मध्यरात्रीपर्यंत तिची वाट पाहत थांबत नाही. शिवाय जुनी फाइल दाबून लहान करताना आधी नवी फाइल तयार करावी लागते, जुनी नंतर पुसली जाते. थोडक्यात, सफाई करायलाही थोडी मोकळी जागा लागते.

टोयोटातही साधारण असेच झाले. 27 ऑगस्टला नियमित देखभालीचे काम झाले. साचलेला डेटा पुसून नीट लावण्याच्या त्या कामातच डिस्कची जागा अपुरी पडली आणि प्रणाली थांबली, असे कंपनीने नंतर सांगितले. झाडू मारायला घेतला तोवर पाय ठेवायला जागा उरली नव्हती.

जागा मोजणे एवढे अवघड आहे का?

मोजणे अवघड नाही, पण त्यात फसगती आहेत. ‘डीएफ’ ही लिनक्सची आज्ञा एका ओळीत किती जागा उरली ते सांगते. मात्र कुणी घाईघाईने मोठी लॉग फाइल पुसली तरी हा आकडा कधीकधी हलत नाही. ज्या प्रोग्रॅमने ती फाइल उघडून ठेवली आहे, तो ती सोडत नाही तोवर जागा परत मिळत नाही. फाइल यादीत नाही, पण जागा अडलेली. अनेकांना पहाटे तीन वाजता घाम फोडणारे कोडे ते हेच.

दुसरी फसगत फाइलच्या संख्येची. डिस्कवर किती फाइल मावतील यालाही अनेकदा मर्यादा असते. लाखो चिमुकल्या फाइल साचल्या, की जागा मोकळी दिसत असूनही नवी फाइल बनत नाही. फाइलच्या नुसत्या संख्येने काय होऊ शकते याचे गाजलेले उदाहरण मंगळावरचे आहे. नासाचे ‘स्पिरिट’ हे यान जानेवारी 2004 मध्ये तिथे उतरले आणि तीन आठवड्यांच्या आतच त्याचा सुरळीत संपर्क तुटला. त्याच्या फ्लॅश मेमरीत इतक्या फाइल साचल्या होत्या, की त्यांचा हिशेब ठेवायलाच रॅम पुरत नव्हती. यान पुन:पुन्हा रीस्टार्ट होत राहिले. अखेर अभियंत्यांनी फ्लॅश मेमरी बाजूला ठेवून ते सुरू केले आणि फाइल पुसून त्याला मार्गी लावले. मंगळावरच्या यानाला जे चुकले नाही, ते डेटा सेंटरमधल्या राउटरला कसे चुकेल?

प्रणालीत इशाऱ्याची सोय नसते का?

असते. क्लाउडस्टॅकच्या 4.14 या आवृत्तीपासून व्हर्च्युअल राउटरची ठरावीक अंतराने आरोग्य तपासणी होते. त्यात प्रोसेसर, मेमरी, डीएनएस, फायरवॉल यांच्याबरोबर डिस्कचीही तपासणी असते. मूळ मांडणीत मोकळी जागा 100 एमबीच्या खाली गेली, की राउटर तपासणीत नापास ठरतो. क्लाउड चालवणाऱ्याला ही मर्यादा बदलता येते. ठरावीक तपासणीत नापास झालेला राउटर आपोआप मोडून नवा उभारण्याचीही सोय आहे.

सोय चांगली आहे, पण ती तेवढीच ठेवून निश्चिंत होणे चुकीचे आहे. एक साधा हिशेब पुरेसा आहे. समजा, राउटरच्या डिस्कवर 500 एमबी मोकळी आहे. रोज 20 एमबी लॉग साचत असेल, तर हातात 25 दिवस आहेत. पण हल्ल्याच्या किंवा गर्दीच्या दिवशी तासाला 200 एमबी साचू लागले, तर उरतात फक्त अडीच तास. 100 एमबीच्या मर्यादेवर इशारा मिळाला, तर पहिल्या स्थितीत पाच दिवस मिळतात आणि दुसऱ्या स्थितीत अर्धा तास. इशारा एकच, आकडा एकच, पण एका ठिकाणी चहा पिऊन काम करता येते आणि दुसऱ्या ठिकाणी फोन उचलेपर्यंत सगळे संपलेले असते.

म्हणून ‘90 टक्के भरली’ किंवा ‘100 एमबी उरली’ हा इशारा अपुरा आहे. इशाऱ्याने ‘याच वेगाने किती वेळ उरला’ हे सांगायला हवे. धरणाच्या दरवाजावरचा माणूस केवळ पातळी पाहत नाही. पाण्याची आवक किती आहे, हेही पाहतो. मोकळ्या जागेच्या गेल्या काही तासांच्या नोंदी असतील, तर भरण्याचा वेग काढणे ही शाळकरी त्रैराशिकाची बाब आहे.

दुसरा राउटर ठेवला तर प्रश्न मिटत नाही का?

एक पडला तर दुसरा, ही व्यवस्था क्लाउडमध्ये आहे. क्लाउडस्टॅकमध्येही राउटरची जोडी ठेवता येते. मुख्य राउटर ‘मी आहे’ असा संदेश सतत देत राहतो आणि तो थांबला की जोडीदार सूत्रे घेतो. पण डिस्क भरलेला राउटर हा संदेश देणे थांबवेलच असे नाही. ‘मी आहे’ म्हणायला डिस्क लागत नाही. त्यामुळे आजारी राउटर खुर्ची सोडत नाही आणि धडधाकट जोडीदार बाहेर बसून राहतो.

शिवाय दोघे एकाच साच्यातले, एकाच वयाचे, सारख्याच डिस्कचे. एकाला जे झाले ते दुसऱ्याला होण्याची शक्यता दाट. टोयोटाकडेही पर्यायी सर्व्हर होता. तो त्याच प्रणालीवर चालत असल्याने त्यालाही तोच बिघाड झाला आणि काम त्याच्याकडे वळवता आले नाही. अखेर अधिक क्षमतेच्या सर्व्हरवर डेटा हलवल्यानंतर 30 ऑगस्टला कारखाने सुरू झाले. जोडी ठेवणे हा यंत्र बंद पडण्यावरचा उपाय आहे. दोघांच्या पोटात एकाच वेगाने साचणाऱ्या कचऱ्यावर तो चालत नाही.

‘डिस्क स्वस्त आहे, मोठी द्या’ हा युक्तिवादही असाच. डिस्क जरूर मोठी द्यावी. पण त्याने भरण्याची तारीख पुढे जाते, भरणे थांबत नाही. आणि राउटर आपोआप मोडून नवा उभारला, तर जागा मोकळी होते हे खरे, पण जोडी नसेल तर तेवढा वेळ ग्राहकाचे नेटवर्क खंडित होते. शिवाय डिस्क का भरली हे सांगणारे लॉगही जुन्या राउटरबरोबर नाहीसे होतात. कारण कायम, पुरावा गायब.

भारतातील नियम काय सांगतात?

सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेने 28 एप्रिल 2022 रोजी काढलेल्या निर्देशांनुसार सेवा पुरवठादार, डेटा सेंटर, कंपन्या आणि सरकारी संस्थांनी आपल्या प्रणालींचे लॉग 180 दिवस सुरक्षित ठेवणे आणि ते भारताच्या अधिकारक्षेत्रात ठेवणे बंधनकारक आहे. ठरावीक प्रकारच्या सायबर घटना लक्षात आल्यापासून सहा तासांत कळवण्याची सक्तीही त्याच निर्देशांत आहे.

व्हर्च्युअल राउटरच्या दृष्टीने याचा अर्थ सरळ आहे. सहा महिन्यांचे लॉग त्याच्या इवल्याशा डिस्कवर ठेवायचे म्हटले तर डिस्क भरणार, आणि जागा करण्यासाठी ते पुसले तर नियम मोडणार. यातून वाट एकच : लॉग तयार होताच ते दुसऱ्या मोठ्या, स्वतंत्र साठवणीत पाठवायचे आणि राउटरवर केवळ एक-दोन दिवसांचे ठेवायचे. ज्यांनी ही व्यवस्था केलेली नाही, त्यांचा राउटर आज चालू आहे तो नियोजनामुळे नव्हे, नशिबामुळे.

प्रश्न केवळ मोठ्या विदेशी कंपन्यांचा नाही. मुंबई, नवी मुंबई आणि पुणे हा पट्टा देशातील डेटा सेंटरचे मोठे केंद्र आहे. लहान-मोठे अनेक पुरवठादार मुक्त स्रोत प्रणालींवर स्वतःचे क्लाउड चालवतात. पतसंस्था, रुग्णालये, शाळा, दुकाने यांचे व्यवहार त्यावर चालतात. पतसंस्थेच्या खिडकीपाशी ‘सर्व्हर डाउन आहे, उद्या या’ हे उत्तर ऐकणाऱ्या माणसाला त्यामागे एखादी भरलेली डिस्क असू शकते, हे कधीच कळत नाही. त्याचा दिवसाचा रोज मात्र बुडतो.

जबाबदारी कुणाची?

या प्रश्नातली खरी विसंगती इथे आहे. व्हर्च्युअल राउटर ग्राहकाच्या नेटवर्कच्या दारात असतो, पण त्याच्या आत जायची किल्ली ग्राहकाकडे नसते. ती क्लाउड चालवणाऱ्याकडे असते. म्हणजे ज्याचे नुकसान होणार, त्याला टाकीची पातळी दिसत नाही, आणि ज्याला दिसते त्याच्याकडे अशा शेकडो टाक्या असतात. त्यातल्या एका लहान ग्राहकाच्या टाकीकडे पाहायला सवड कुणाला?

अलर्टचा भडिमार हेही एक कारण. दिवसाला शेकडो इशारे येऊ लागले, की माणूस ते वाचणे सोडून देतो. ‘डिस्क 80 टक्के’ हा इशारा महिनाभर रोज येतो आणि काहीच घडत नाही. एकतिसाव्या दिवशी तोच इशारा खरा ठरतो, पण तोवर त्याची लांडगा आला रे आला अशी गत झालेली असते. उरलेल्या वेळेवर आधारलेला इशारा इथेही उपयोगी पडतो. 25 दिवस उरले असतील तर ते कामांच्या यादीत जावे. अडीच तास उरले असतील तर झोपलेल्या माणसाला उठवावे.

मग करायचे काय?

उपाय महागडे नाहीत. इशारा टक्क्यांत न देता उरलेल्या वेळेत द्यावा. जागेबरोबर फाइलची संख्याही मोजावी. लॉग राउटरबाहेर पाठवावेत आणि गुंडाळण्याचे काम दिवसातून एकदा न करता तासागणिक, आकार पाहून करावे. तपासणी केवळ पिंगवर न ठेवता राउटरवर एक छोटी फाइल खरोखर लिहून, वाचून आणि पुसून पाहावी. ज्याला लिहिता येत नाही, तो राउटर चालू धरू नये. जोडीतल्या राउटरलाही हीच कसोटी लावावी, म्हणजे आजारी राउटर स्वतःहून बाजूला होईल.

तपासणीचा निकाल राउटरच्या आत ठेवून चालणार नाही, तो बाहेरून विचारला गेला पाहिजे. भरलेल्या डिस्कवर इशाऱ्याची नोंदही लिहिता येत नाही. म्हणूनच ठरलेल्या वेळी उत्तर न येणे, हाही धोक्याचा इशारा मानायला हवा.

सर्वांत महत्त्वाचे म्हणजे हा आकडा ग्राहकाला दिसायला हवा. बिलाच्या पानावर वापरलेल्या प्रत्येक जीबीचा हिशेब पैशापर्यंत दाखवणाऱ्यांना, त्याच पानावर ‘तुमच्या राउटरच्या डिस्कला इतके दिवस पुरेल एवढी जागा आहे’ अशी एक ओळ लिहिणे अवघड नाही. सेवेच्या करारात ‘99.9 टक्के काळ सुरू’ असे आश्वासन असते. पण सुरू म्हणजे काय? पिंगला उत्तर देणे, की नवा नियम लावता येणे? ही व्याख्या करारात स्पष्ट करून घेणे ग्राहकाच्याच हिताचे आहे.

वीज जाणे, केबल तुटणे, हल्ला होणे हे सांगून येत नाही. डिस्क भरणे मात्र बहुतेक वेळा सांगून येते. ती दररोज थोडी थोडी भरते आणि प्रत्येक दिवशी मोजता येते. पावसाळा दरवर्षी येतो हे माहीत असूनही नालेसफाई राहिली, तर तुंबलेल्या पाण्याला नैसर्गिक आपत्ती म्हणता येत नाही. भरलेल्या डिस्कलाही ‘तांत्रिक बिघाड’ म्हणून सोडून देऊ नये. ज्याच्या हातात मोजपट्टी होती, त्याने ती वाचली नाही, एवढाच त्याचा अर्थ असतो.